दवाखान्यातून घरी आल्यावर

आजारी कुत्र्याला डॉक्टर तपासतात ते दहा-पंधरा मिनिटं. सुई होते, कागदावर औषधं लिहून मिळतात, आणि मग ते जनावर तुमच्या मांडीवर किंवा रिक्षात तुमच्या पायाशी बसून घरी येतं. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र ते तुमच्याच ताब्यात असतं. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय परिचर्या हा १९६१पासून रीतसर शिकवला जाणारा पेशा आहे. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत एखादा अनुभवी मदतनीस असतो. तो जनावर धरतो, सलाईन लावायला हातभार लावतो, पण संध्याकाळी दवाखाना बंद होतो. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, महालक्ष्मीला २०२४मध्ये टाटा ट्रस्टचं रुग्णालय सुरू झालं. सातारा, लातूर किंवा रत्नागिरीत मात्र मांजराला रात्रभर दाखल करून ठेवायची सोय शोधत फिरावं लागतं. म्हणजे परिचारिका कोण, तर तुम्ही.

या कामाची हद्द आधीच आखून घ्या. रोग ओळखणं आणि औषध ठरवणं डॉक्टरांचं. पाहणं, मोजणं, लिहिणं, भरवणं, औषध पोटात जातंय ना याची खात्री करणं आणि जनावर कोरडं-स्वच्छ ठेवणं आपलं. माझ्या मते यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे स्वतःच्या मनाने काही न करणं. माया असली की हात शिवशिवतात: थोडी हळद लावू, अर्धी तापाची गोळी देऊ, जरा दूध पाजू. त्यातलं काय काय महागात पडतं ते पुढे येईलच.

आधी मोजायला शिका

जनावर धडधाकट असतानाच दोन-तीन वेळा त्याची मोजमापं घेऊन ठेवा. तुमच्या लॅब्रॅडॉरची विश्रांतीतली नाडी ७० असेल तर शेजारच्या पॉमेरेनियनची १२० असू शकते. आजारपणात १३० भरली तर ती जास्त आहे की नाही, हे पहिला आकडा माहीत असल्याशिवाय कळत नाही.

ताप. नाक कोरडं, कान गरम, म्हणजे ताप, हा समज सोडून द्या. ताप थर्मामीटरनेच कळतो आणि तो गुदद्वारातच घ्यावा लागतो. लवचीक टोकाचा डिजिटल थर्मामीटर जनावरासाठी वेगळा ठेवा आणि त्यावर पक्क्या शाईने खूण करा. टोकाला व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा. एकाने पुढून मान आणि छाती सांभाळायची, दुसऱ्याने शेपूट हलकेच वर करून थर्मामीटर साधारण दोन सेंटिमीटर आत सरकवायचा आणि वाजेपर्यंत हातात धरून ठेवायचा, सोडायचा नाही. जनावर बसायला लागलं तर बाहेर काढा आणि पुन्हा घ्या. कुत्रा-मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या डोक्यात माणसाचे ९८.६ पक्के बसलेले, म्हणून १०१.५ दिसताच घरात धावपळ उडते. वास्तविक ते जनावर ठीक असतं. १०३च्या वर गेला तर डॉक्टरांना कळवा, १०४च्या वर असेल तर त्याच दिवशी दाखवा. ९९च्या खाली उतरणं तापाइतकंच, कित्येकदा तापापेक्षाही काळजीचं असतं. पिल्लांच्या बाबतीत तर हे हमखास विसरलं जातं.

नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेजवळ लागते. दोन बोटं हलकेच ठेवा, अंगठा नको. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. मोठ्या कुत्र्यात साधारण ६० ते १००, छोट्या जातींत १४०पर्यंत, मांजरात १४० ते २२०. आकड्याइतकंच तिचा जोर आणि नियमितपणा महत्त्वाचा. तारेसारखी बारीक, जेमतेम लागणारी नाडी हे वाईट लक्षण आहे.

श्वास झोपेत मोजायचा. छाती वर गेली आणि खाली आली की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. गाढ झोपलेल्या कुत्र्याचा किंवा मांजराचा श्वास पुन्हा पुन्हा तिसाच्या वर भरत असेल, तर हृदयाची किंवा फुप्फुसाची तपासणी करून घ्यायला हवी. कुत्रा फिरून आल्यावर जीभ काढून धापा टाकतो, ते त्याचं अंग थंड करणं असतं. मांजर मात्र बसल्या जागी तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर मोजत बसू नका, निघा.

हिरड्या. ओठ वर उचला. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. तिच्यावर बोट दाबा, पांढरा ठसा उमटेल. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी रंग यायला हवा. त्याहून वेळ लागला तर रक्ताभिसरण मंदावलंय. पांढुरक्या हिरड्या रक्त कमी झाल्याचं सांगतात, पिवळ्या काविळीचं, निळसर प्राणवायू कमी पडल्याचं. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. हिरडी कोरडी, चिकट लागत असेल तर अंगातलं पाणी कमी झालं आहे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची परीक्षा अनेकांना माहीत असते, पण म्हाताऱ्या आणि हडकुळ्या जनावरात ती फसवते.

वजनासाठी वेगळा काटा नको. मांजराला कडेवर घेऊन स्वतःच्या काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. जवळपास सगळी औषधं किलोच्या हिशेबाने दिली जातात, आणि चार किलोंच्या मांजरात अर्ध्या किलोची घट म्हणजे अंगाचा आठवा हिस्सा.

हे सगळं वहीत उतरवा. ‘जरा बरं वाटतंय’ एवढ्यावरून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. नोंद अशी हवी: ‘मंगळवार, सकाळी ७. ताप १०२.८. झोपेत श्वास २४. हिरड्या फिकट. पाव वाटी भात-चिकन खाल्लं. लघवी दोनदा, कॉफीच्या रंगाची. शी नाही. गोळी ७.२०ला, उलटी नाही.’ पावसाळ्यात गोचिडांनी हैराण झालेल्या कुत्र्याची ही नोंद असेल, तर फिकट हिरड्या आणि गडद लघवी या दोन शब्दांवरूनच डॉक्टरांचं लक्ष गोचीडतापाकडे जाईल आणि ते रक्त तपासायला सांगतील. लघवी किती वेळा झाली हे घरातल्या प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने पाहिलं असेल. म्हणून वही एकच आणि ती फ्रिजवर.

धरणं

दुखत असलेलं जनावर मालकालाही चावतं, त्यात कृतघ्नपणा काही नाही. घरी मुसकं नसेल तर गॉजचं लांब बँडेज किंवा जुनी ओढणी घ्या. सैल फास करून तो दूर उभं राहून कुत्र्याच्या नाकाडावर चढवा, वरून ओढा, दोन्ही टोकं हनुवटीखाली आणून एक आढी द्या, आणि मग कानांच्या मागे नेऊन सुटसरगाठ मारा, म्हणजे एका झटक्यात सोडता येते. उलट्या होत असतील, श्वासाला त्रास असेल किंवा अंग तापलेलं असेल तर मुसकं अजिबात बांधू नका. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला ते बसतही नाही आणि झेपतही नाही. त्याच्या मानेभोवती जाड टॉवेलची गुंडाळी धरा.

मांजराला मानगुटीला धरून लोंबकळवायची जुनी पद्धत आता सोडून दिली पाहिजे. खोलीचं दार-खिडक्या लावा, पंखा बंद करा, टेबलावर टॉवेल पसरा. मांजर मधे बसवून एक बाजू, मग दुसरी बाजू अंगावरून घट्ट घ्या, पुढचे पाय आत, डोकं तेवढं बाहेर. शांतपणे केलं तर एकटा माणूसही गोळी देऊ शकतो. आरडाओरडा करत चौघांनी पकडलं तर दुसऱ्या दिवशी मांजर पलंगाखालून बाहेरच येत नाही.

औषध पोटात जाणं

कुत्र्याला गोळी पनीरच्या तुकड्यात किंवा उकडलेल्या चिकनमध्ये जाते. युक्ती एवढीच की आधी एक रिकामा तुकडा द्यायचा, मग गोळीचा, आणि तो गिळता गिळता तिसरा नाकापुढे धरायचा. तिसऱ्याच्या लोभाने दुसरा चावला जात नाही.

मांजराला डाव्या हाताने वरून, गालफडांच्या हाडांना धरून डोकं थोडं वर करा. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालचे पुढचे दात दाबून तोंड उघडा, गोळी जिभेच्या मुळाशी, अगदी मधोमध टाका, तोंड मिटा आणि गळा हलकेच चोळा. जीभ नाकावर फिरली की गिळलं समजा. इथेच बरेच जण थांबतात, थांबू नका. सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिली पाणी थोडं थोडं पाजा किंवा चमचाभर पातळ खाणं द्या. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते, आणि गोचीडतापात किंवा सर्दीत सर्रास दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन अशी अडकली तर तिथे जखम होऊन अन्ननलिका कायमची आकसू शकते. एवढ्या एका कारणासाठी हा परिच्छेद मी दुप्पट लांब करायला तयार आहे.

पातळ औषध सिरिंजने गालाच्या पिशवीत, बाजूने, मिली-अर्धा मिली करत द्या. डोकं आकाशाकडे वाकवून घशात पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. मेट्रोनिडॅझोलसारखं कडू औषध जिभेला लागलं की मांजर फेस गाळतं. ती विषबाधा नसते, चव असते. गोळी मोडायची, कुटायची किंवा कॅप्सूल उघडायची झाली तर आधी विचारा, सगळ्यांना ते चालत नाही. डोळ्यात थेंब टाकताना समोरून हात नेऊ नका, मागून, डोक्यावरून न्या. दिवसातून तीनदा म्हणजे दर आठ तासांनी. सकाळी आठ, दुपारी बारा आणि रात्री आठ नव्हे.

खाणं आणि पाणी

नुसतं पडून राहिलेल्या जनावरालाही किती उष्मांक लागतात याचा सोपा अंदाज असा: किलोतलं वजन गुणिले ३०, अधिक ७०. दहा किलोंच्या कुत्र्याला ३७०, चार किलोंच्या मांजराला १९० किलोकॅलरी. अगदी चिमुकल्या किंवा अवाढव्य जनावरांना हा हिशेब नीट लागू पडत नाही, पण आपला रुग्ण खातोय की नुसता हुंगतोय हे यावरून कळतं.

खाणं कोमट करा, वास सुटतो. नाक चोंदलं असेल तर आधी ओल्या कापसाने पुसा; वास न आलेलं अन्न मांजर खात नाही. थोडं वाढा, पंधरा-वीस मिनिटांनी उचला. दिवसभर तोंडासमोर वाटी ठेवली तर त्या अन्नाचीच शिसारी बसते. मीठ, तिखट, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन आणि मऊ भात बहुतेकांना चालतो. रस्सा ओतून दिलेला भात नको, कारण कांदा-लसूण दोघांच्याही रक्तपेशी फोडतात. दूध-पोळी हे मायेचं खाणं खरं, पण पुष्कळ मोठ्या कुत्र्यामांजरांना दूध पचत नाही आणि आधीच जुलाब होत असतील तर आणखी वाढतात.

मांजराचा उपास ही गंभीर गोष्ट आहे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस काही खात नसेल तर अंगातली चरबी यकृतात साठून जिवावर बेतू शकतं. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराबाबत म्हणू नका. चोवीस तास उलटले की फोन करा. उलट्या चालू असताना मात्र कोणालाही बळजबरीने भरवायचं नाही. पाणीसुद्धा भांडंभर एकदम ठेवू नका. दोन-चार चमचे, थोड्या थोड्या वेळाने.

पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे, विशिष्ट उग्र वासाचे जुलाब होत असतील तर पार्व्हो असू शकतो, आणि तिथे घरगुती परिचर्या पुरत नाही. सलाईन लागतं, काही तासांत. घरी उरतं ते सफाईचं काम. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि फिनेलने मरत नाही. आधी घाण उचलून साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी टाकून दहा मिनिटं तसंच राहू द्या. मांजराच्या घरात फिनेल तर एरवीही नको. पायाला लागलेलं ते चाटतं, आणि मांजराच्या यकृताला फिनॉल झेपत नाही. डेटॉलचंही तेच.

जखम आणि टाके

अर्धा लिटर पाणी उकळून निववा, त्यात एक सपाट चमचा मीठ. याने जखम धुवा, भरपूर. जखमेभोवतीचे केस कापून घ्या. पोव्हिडोन आयोडीन बाटलीतून थेट न ओतता पाण्यात कोऱ्या फिक्या चहाच्या रंगाचं करून वापरा. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं, म्हणून काम करतंय असं वाटतं, पण भरून येणारी कातडीही जाळतं. हळद दाबून भरली की वर खपली धरते आणि खाली पू साचतो. डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. जखमेत अळ्या पडल्या असतील, आणि पावसाळ्यात त्या एका दिवसात पडतात, तर रॉकेल, पेट्रोल, फिनेल काहीही ओतू नका. कुत्रा ते चाटणार आहे. अळ्या भूल किंवा वेदनाशामक देऊन एकेक काढाव्या लागतात.

नसबंदीनंतर पहिली रात्र जनावर जमिनीवर, उबदार, मंद उजेडात ठेवा. भुलीच्या अमलात ते पलंगावरून पडतं. संध्याकाळी पूर्ण शुद्धीवर असेल तर नेहमीच्या पाव हिस्सा खाणं. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात; तोवर आंघोळ नाही, उड्या नाहीत, आणि गळ्यातला कोन उतरवायचा नाही. ‘बिचाऱ्याला झोपता येत नाही’ म्हणून रात्री कोन काढला जातो, आणि सकाळी टाके नसतात. खाताना समोर बसून काढा, लगेच चढवा. दिवसातून दोनदा जखम पाहा: कडा जुळलेल्या, कोरड्या. लाली पसरली, वास आला किंवा पाणी सुटलं तर फोटो काढून पाठवा. पायाला बँडेज असेल तर बाहेरची बोटं सुजली नाहीत ना, गार पडली नाहीत ना, पाहा. पावसात नेताना वरून प्लॅस्टिकची पिशवी, घरी आल्यावर ती लगेच काढायची.

घरातल्या औषधांचं कपाट

पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं जातात. कुत्र्यांसाठी मानेवर टाकायचं परमेथ्रिन असलेलं गोचिडाचं औषध मांजराला लावलं तर ते थरथरत आकडी येऊन मरू शकतं. मनुका, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवा. काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठाचीच बाधा होते. वेष्टन खिशात घाला आणि निघा.

रात्री कधी निघायचं

बोका वारंवार मातीत बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही: सकाळची वाट पाहू नका, मूत्रमार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत खेळ संपतो. पुष्कळ लोक याला बद्धकोष्ठ समजतात. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, उलटीचे उमाळे येतात पण काही पडत नाही: पोटाला पीळ बसला असू शकतो, तिथे हिशेब तासांचा असतो. आकडी पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा चोवीस तासांत दुसरी आली तरी निघा. आकडीत तोंडात हात किंवा चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. आजूबाजूचं सामान हटवा, दिवा मंद करा, घड्याळ पाहा, जमल्यास व्हिडिओ घ्या. विदर्भातल्या उन्हाळ्यात कुत्रा तापून कोसळला तर नळाचं पाणी अंगावर ओतत पंख्याखाली ठेवा, ताप १०३वर आला की पाणी थांबवा आणि तरीही दाखवा.

एका प्रसंगी मात्र परिचर्या करायचीच नाही. लस न टोचलेलं किंवा रस्त्यावरचं जनावर अचानक विचित्र वागू लागलं, लाळ गळतेय, गिळता येत नाही, जबडा लोंबतोय, तर ‘घशात हाड अडकलं असेल’ म्हणून तोंडात हात घालू नका. खोलीत बंद करून डॉक्टरांना किंवा पालिकेला कळवा. चावा, ओरखडा किंवा लाळ जखमेला लागली तर नळाच्या धारेखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. भटक्या जनावरांची नियमित सेवा करणाऱ्यांनी ती आधीच टोचून घेतलेली बरी. पावसाळ्यात आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घालायचे, ते लेप्टोच्या भीतीने.

न्यायचं कसं? आधी फोन करा, डॉक्टर आहेत ना याची खात्री करा, आणि वहीतले शेवटचे आकडे वाचून दाखवा. अपघातात सापडलेल्या कुत्र्याला काखेत धरून उचलू नका. चादर शेजारी पसरून पाठीच्या बाजूने त्यावर सरकवा आणि दोघांनी चार टोकं धरा. फळी असेल तर उत्तम. मांजर टोपलीत किंवा पिंजऱ्यात, वरून कापड टाकून. मोकळं मांजर रिक्षातून उडी मारतं. रिक्षावाल्याला आधीच सांगा, एक जुना टॉवेल सीटवर अंथरा, आणि वही व चालू औषधांची पाकिटं सोबत घ्या.